शाळांना राजकारणाबाहेर ठेवू नका : ‘एक करदाता पालक’ यांना उत्तर

नमस्कार.

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की सरकारी शाळांवरचा खर्च हा निवडणुकीचा मुद्दा व्हायला हवा, कारण राज्यात जो सत्तेवर आला त्यानं शाळांमधून एकेक पाऊल मागे घेतलं. त्यावर तुमची लांबलचक आणि रागावलेली प्रतिक्रिया आली. खाली सही ‘एक करदाता पालक, कोथरूड’. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : शिक्षणासारख्या विषयात पक्षीय राजकारण आणू नये. ऐंशी हजार पगार घेणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात मुलांना वाचता येत नाही, तिथं आणखी पैसा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तोच पैसा पालकांच्या हातात द्या, शाळा ते निवडतील. पुण्याचं शिक्षण टिळक-आगरकरांपासून खासगी संस्थांनीच उभं केलं. दत्तक दिल्यानं शाळा कंपनीच्या ताब्यात जात नाही, मग कंपन्यांनी शाळा दत्तक घेतल्या तर तुमच्या पोटात का दुखतं? आणि शेवटी, ‘तुमची स्वतःची मुलं कुठे शिकली ते आधी सांगा.’

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो टाळून बाकीचं लिहिणं खोटेपणाचं होईल. माझी मुलगी मनपा शाळेत शिकली नाही. पेठेतल्या एका अनुदानित मराठी शाळेत ती सेमी इंग्रजीत शिकली. आमच्या घराजवळच्या मनपा शाळेत त्या वर्षी पहिली आणि दुसरी मिळून एकच बाई होत्या. मी आत जाऊन पाहून आले आणि धजावले नाही. ती बोच आहे. गेली सहा वर्षं दर शनिवारी मी पर्वती पायथ्याच्या एका मनपा शाळेत वाचनाचा तास घ्यायला जाते, त्याचं मूळ त्या बोचणीतच आहे.

पण ‘अनुदानित’ या शब्दापाशी जरा थांबू या. तुमच्या टिळक-आगरकरांच्या मुद्द्याचं उत्तर तिथंच सापडतं. चिपळूणकर, टिळकांनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढलं, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली. या मंडळींनी तुटपुंज्या पगारावर शिकवलं हे खरंच आहे आणि त्याबद्दल मला अतोनात आदर आहे. मात्र अशा संस्थांची शाळा कारकुनाच्या, हमालाच्या, मोलकरणीच्या घरापर्यंत पोचली ती शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून होऊ लागल्यावर. संस्था खासगी, फी नाममात्र, पगार सरकारचा, ही महाराष्ट्राची अनुदानाची रीत. कर्मवीरांच्या रयतच्या शाळा खेडोपाडी टिकल्या त्यातही या अनुदानाचा वाटा मोठा. तुम्ही ज्या खासगी शाळांची बाजू घेता त्या ‘स्वयंअर्थसहाय्यित’ आहेत. पालकांच्या फीवर चालणाऱ्या. दोन्हींना ‘खासगी’ म्हटलं की पुण्याईचं श्रेय एकीला आणि फीची पावती दुसरीची, असा घोळ होतो.

याच पुण्यात, न्यू इंग्लिश स्कूल उघडून तीन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे, म्हणजे ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, निवेदन दिलं. त्यांचा मुद्दा सरळ हिशेबाचा होता. सरकारचं बहुतेक उत्पन्न रयतेच्या घामातून येतं आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. शेतसाऱ्यासोबत वसूल होणाऱ्या लोकल फंडातला निदान अर्धा भाग प्राथमिक शिक्षणासाठी राखा, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचं शिक्षण सक्तीचं करा, असं ते मागत होते. तुम्ही ‘करदाता’ म्हणून सही केलीत म्हणून हे आवर्जून लिहिते. कर कोण भरतं आणि तो कुणाच्या पोरांवर खर्च होतो, हा प्रश्न या शहरात तेव्हापासून उभा आहे, आणि तो राजकीयच आहे. पुढे गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. ते पुढच्या वर्षी मतांनीच पडलं, ३८ विरुद्ध १३. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ साली सक्तीचं आणि मोफत शिक्षण सुरू केलं तेही राज्यकर्ता म्हणून, संस्थानचा पैसा त्या बाजूला वळवून. यातलं काय राजकारणाबाहेरचं होतं?

पक्षीय राजकारण नको, असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, आपण सगळ्यांनी ‘शिक्षणात राजकारण नको’ म्हणत राहिल्यामुळेच सगळ्या पक्षांची सोय झाली. तारखा पाहा. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट दिली. २००० साली, काँग्रेस-राष्ट्रवादीच्या काळात, ‘शिक्षणसेवक’ आला : तीन वर्षं मानधनावर राबायचं, मग कायम. शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ या नावानं, म्हणजे सरकारी अनुदान कधीच मागायचं नाही या अटीवर, परवानग्या मिळाल्या. त्यातला ‘कायम’ हा एक शब्द पुसायला २००९ उजाडलं, आणि शब्द पुसल्यावरही टप्प्याटप्प्यानं मिळणाऱ्या वीस-वीस टक्के अनुदानासाठी शिक्षक आझाद मैदानावर बसतच राहिले. २०१२ साली त्याच आघाडीनं स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा केला. २०१७ साली भाजप-शिवसेनेच्या सरकारनं त्यात दुरुस्ती करून कंपन्यांनाही शाळा काढायची मुभा दिली.

मग सप्टेंबर २०२३. एकाच महिन्यात तीन गोष्टी आल्या. बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय, शाळा दत्तक योजना, आणि वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवणारं पत्र, ज्यात नमुना म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या पानशेतच्या शाळेचं नाव होतं. कंत्राटी भरतीवर विरोधकांनी रान उठवलं. ऑक्टोबरमध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो निर्णय रद्द केला आणि सांगितलं की हे पाप आधीच्या सरकारांचं आहे. त्या भांडणातली कळीची गोष्ट अशी की ज्यानं त्यानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं आणि कुणीही असं म्हटलं नाही की आमच्या जाहीरनाम्यात शाळांसाठी इतके पैसे आणि इतकी कायम पदं आहेत, आमच्याकडून मोजून घ्या. तुम्ही मला एका पक्षाची प्रचारक म्हणालात. वरच्या यादीतून मी कुठल्या पक्षाचा प्रचार केला ते तुम्हीच सांगा.

आता ‘पैसा पालकांच्या हाती द्या’. हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा, म्हणून त्यावर जास्त वेळ घेते. आपल्याकडे ही योजना आहेच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(ग) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्या मुलांचा खर्च सरकारनं शाळेला भरून द्यायचा. मूल शाळेत, पैसा सरकारचा. तुम्ही मागता ते यापेक्षा फार वेगळं नाही. त्याचं काय झालं? प्रतिपूर्तीचा दर मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरला आणि तेही वेळेवर येत नाहीत म्हणून शाळांच्या संघटना वर्षानुवर्षं सरकारशी भांडताहेत. शेवटी ९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारनं नियमच बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. शहरात अशी शाळा कुठे नसते? पुण्यामुंबईत ही तरतूद जवळजवळ संपल्यातच जमा होती. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि १९ जुलैला ती दुरुस्ती रद्दच केली.

त्या मे महिन्यात आमच्या वाचनवर्गातल्या एका मुलीची आई अर्जाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन तीनदा माझ्याकडे आली. फॉर्म भरायचा की थांबायचं, एवढंच तिला विचारायचं होतं. मला सांगता आलं नाही. ‘निवड’ हा शब्द तुमच्या प्रतिक्रियेत पाच वेळा आला आहे. निवड कुणाला करता येते हे त्या पिशवीवरून मला कळलं. ज्याच्याकडे दुसऱ्या शाळेपर्यंतचं रिक्षाभाडं आहे, गणवेशाचे आणि सहलीचे वरचे पैसे आहेत, चकरा मारायला सुट्टी आहे, त्याला. बाकीच्यांना जवळची शाळा हीच शाळा, आणि ती चांगली हवी.

चिलीनं हा प्रयोग १९८१ पासून देशभर केला, पैसा मुलामागून शाळेत. तीस वर्षांनी, २०११ साली, तिथले विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि २०१५ मध्ये कायदा करून सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना नफा, फी आणि मुलं निवडून घेणं बंद करावं लागलं. तेही निवडणुकीत मुद्दा झाला तेव्हाच.

शिक्षकांच्या पगाराबद्दल. ऐंशी हजार घेणारे शिक्षक आहेत, पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर. नव्यानं लागलेल्या प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ पर्यंत सहा हजार होतं, मग सोळा झालं. आणि वाचता न येणाऱ्या मुलांबद्दल तुम्ही म्हणता ते मी नाकारत नाही. पाचवीतली मुलं जोडाक्षरापाशी अडखळतात हे मी दर शनिवारी ऐकते. पण त्याच शाळेतल्या बाई मतदारयाद्यांच्या कामाला जातात तेव्हा दोन तुकड्या एका खोलीत बसतात, हेही पाहते. कामचुकार शिक्षक नाहीत असं मी म्हणणार नाही. त्यांना जाब विचारायला शाळा व्यवस्थापन समिती आहे, आणि तिच्यात बोलणारे पालक हवेत. आपण, म्हणजे बोलता येणारे, अर्ज लिहिता येणारे, तिथून उठून गेलो. मीसुद्धा.

‘असर’ ही ‘प्रथम’ संस्थेची ग्रामीण भागातली शिक्षणाची पाहणी बघा. सहा ते चौदा वयातली सरकारी शाळेत जाणारी मुलं देशात २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती, करोनानंतर २०२२ मध्ये ७२.९ झाली, २०२४ मध्ये पुन्हा ६६.८. हातातला पैसा गेला तेव्हा लोक सरकारी शाळेकडे वळले आणि ती तिथं होती म्हणून मुलांचं वर्ष वाचलं. पट कमी म्हणून ती आधीच बंद केली असती तर?

दत्तक योजनेबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. शाळा कंपनीच्या ‘ताब्यात’ जाते असं मी लिहिलं होतं, ते चूक. व्यवस्थापन स्थानिक संस्थेकडेच राहतं, देणगी रोख नव्हे तर वस्तू-सेवांच्या रूपात द्यायची असते. मूळ लेखातलं वाक्य दुरुस्त केलं आहे. माझा आक्षेप तरी उरतोच. पुण्यासारख्या मोठ्या महापालिकेत पाच वर्षांसाठी दोन कोटी आणि दहा वर्षांसाठी तीन कोटी दिले की त्या काळासाठी शाळेला देणगीदाराचं नाव देता येतं. अकराव्या वर्षी काय? मी जाते त्या शाळेत देणगीतून आलेला डिजिटल फळा आहे. तो बंद पडून दीड वर्ष झालं, कारण दुरुस्तीसाठी कुठल्याच लेखाशीर्षाखाली पैसे नाहीत. मुलं त्यावर आता कागदाची चित्रं चिकटवतात. देणाऱ्याचा हेतू चांगला होता. पण शाळेला हवा असतो तो दरवर्षी न चुकता येणारा पैसा.

तो पैसा किती, हे तुमच्या कोथरूडात ज्यांच्या नावाचा रस्ता आहे त्या शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांच्या कामात सापडतं. देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. आयोगानं १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर करायला सांगितला आणि सगळ्यांसाठी शेजारशाळा, म्हणजे वस्तीतल्या सगळ्या मुलांची एकच शाळा, सुचवली. १९६८, १९८६ आणि २०२० च्या धोरणांनी सहा टक्के पुन्हा लिहिले. गाठले कुणीच नाहीत. आणि सरकारी शाळा होऊच शकत नाही असं वाटत असेल तर खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा बघून या. २०२५ मध्ये ती जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत आपल्या गटात पहिल्या दहांत होती.

‘मग मत कुणाला द्यायचं तेही सांगा,’ असं तुम्ही रागानं लिहिलंय. मी काय केलं ते सांगते. मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, शाळेबद्दल विचारायचं कुणाला हाच प्रश्न होता. निवडणूक लागल्यावर दारात आलेल्या प्रत्येक उमेदवाराला मी एकच विचारलं : आपल्या प्रभागातल्या मनपा शाळांत शिक्षकांची किती पदं रिकामी आहेत? बहुतेकांनी पत्रक हातात ठेवलं आणि पुढच्या दाराची बेल वाजवली. एक बाई म्हणाल्या, माहीत नाही, विचारून सांगते. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. शाळेगणिक आकडा सांगितला, एका शाळेचा चुकला होता, तो मी दुरुस्त करून दिला आणि त्यांनी लिहून घेतला. आमच्या प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे होते, त्या माझ्या चार मतांतलं एक त्यांना दिलं.