टाक कोणाकडे?

काका गेल्यापासून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद पेटलाय: देवघरातले टाक कोणाकडे जायचे? काका अंथरुणाला खिळल्यापासून रोजची पूजा ताईनेच केली, नवरात्रात घटही तिनेच बसवले. पण लग्न झालेल्या मुलीचं कुळ वेगळं, म्हणून मोठी मंडळी दादाचं नाव पुढे करतात. दादाला फ्लॅट हवाय. टाकांचा विषय निघाला की तो मोघम बोलतो.

मी नेपल्सला राहतो; ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं रोमन शहर पाँपेई इथून लोकलच्या अंतरावर. तिथल्या वेट्टींच्या घरात देव्हारा आहे तो दिवाणखान्यात नव्हे, नोकरचाकर राबायचे त्या स्वयंपाकघराकडच्या चौकात. भिंतीवर मधोमध डोक्यावरून पदर घेतल्यासारखा झगा ओढलेला 'जीनियस', म्हणजे घरधन्याची रक्षक शक्ती. दोन्ही बाजूंना घराचे राखणदार 'लार', नाचऱ्या पावलांचे, हातात मद्याची शिंगं. खाली वळणं घेत निघालेला लांबलचक नाग, नागपंचमीला आजी पाटावर गंधाने काढायची तसा.

राबणाऱ्यांच्या चौकातही पूजा धन्याच्या शक्तीची, हे विसरू नये. शेतीवर लिहिणारा रोमन लेखक केटो तर साफ सांगतो: महिन्याच्या ठरलेल्या तिथींना शेतावरच्या कारभारणीने चुलीला हार घालावा, लाराची प्रार्थना करावी, पण मालकाच्या हुकुमावाचून दुसरी पूजाअर्चा करू नये, कारण सगळ्या घरादाराच्या वतीने पूजा मालक करतो. ही कारभारीण गुलाम असायची. कष्ट तिचे, यजमान तो. आपल्याकडे संकल्पात नाव कोणाचं घेतात, ते आठवून बघा.

इथवर दादाचा पक्ष खूश होईल. पण रोमच्या धर्मशास्त्र्यांनी एक पाचर मारून ठेवली होती. रोमन वक्ता सिसेरोने ती नोंदवली आहे: घरची पूजा बंद पडू नये म्हणून तिची जबाबदारी मालमत्तेला बांधलेली. आधी वारसांवर, वारसांइतकीच मालमत्ता दुसऱ्या कोणाला मिळाली तर त्याच्यावरही. फुकटच्या घबाडाला रोमन लोक 'बिनपूजेचा वारसा' म्हणत, ते उगाच नव्हे.

मला हा हिशेब पटतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी कायद्यातली दुरुस्ती २००५ ची. मग 'मुलीचं कुळ वेगळं' हे फक्त टाकांपुरतंच का आठवावं? दादाला टाक हवे असतील तर नैवेद्य, कुळाचार, जेजुरीची वारी सगळं त्याच्या गळ्यात. नको असतील तर ताईला द्यावेत, आणि फ्लॅटच्या कागदावर तिचंही नाव घालावं. ताईनेही अर्धा फ्लॅट घेऊन नवरात्रातल्या सवाष्णींचा खर्च दादाकडे ढकलायचा नाही.