‘टेस्टिंग न करता रिंगा विकतात’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. आमच्या रबरी रिंगा बसवलेले तुमच्या पाइपलाइनचे आठ जॉइंट गळले, ऐन पाण्याच्या पाळीत चर पुन्हा उकरावा लागला, याबद्दल मनापासून दिलगिरी. एक स्टार दिलात, तो तुमचा अधिकार. पण ‘टेस्टिंग न करता फुगणाऱ्या रिंगा विकतात’ हे वाक्य फार लागलं.

तुम्हीच टाकलेल्या फोटोत पाइपाच्या टोकाला काळं ऑइल दिसतंय. पाइप सॉकेटात सरकेना म्हणून जळकं इंजिन ऑइल लावलं, असं तुमच्या फिटरनेच फोनवर सांगितलं. आमची रिंग ईपीडीएम रबराची आहे. ऊन, ओझोन, क्लोरीनचं पाणी हे रबर वर्षानुवर्षं सोसतं, पण खनिज तेल ते पिऊन घेतं, फुगतं, मऊ पडतं. मग रिंग खाचेत मावत नाही आणि तिची लिप, म्हणजे पाइपाला चिकटून पाणी अडवणारी कड, जागा सोडते. कितीही महागाचं ईपीडीएम घ्या, हेच होणार. नायट्राइल हे दुसरं रबर तेलाला टिकतं, पण उन्हात पडून राहिलं की तडकतं, म्हणून पाण्याच्या लाइनसाठी आम्ही ते देत नाही. ‘फक्त साबणाचं पाणी लावा’ असं पाकिटावर छापलेलं आहे, साहेब.

आता टेस्टिंगचं. प्रत्येक बॅचचे नमुने 25 टक्के दाबून 70 अंश सेल्सिअसला 24 तास ओव्हनमध्ये ठेवतो आणि सोडल्यावर रबर किती परत उठतं ते मोजतो. दबूनच राहिलं, तर ती बॅच बाहेर जात नाही. मग जॉइंट जोडून, 2 अंश वाकवून पाण्याचा दाब देतो, आणि नंतर आतली हवा ओढून व्हॅक्यूमही देतो. दाबाखाली लिप आपोआप घट्ट बसते, त्यात फार कौतुक नाही. पंप बंद पडून लाइनमध्ये व्हॅक्यूम येतो तेव्हा रबराच्या स्वतःच्या ताणावरच सगळं असतं. ही चाचणी न घेताही बाजारात माल खपतो. आम्ही घेतो.

पाकिटावरची सूचना मोठ्या अक्षरात करून घेऊ, दुकानदारांनाही सांगू. तुमच्या आठ रिंगा बिनपैशाने बदलून देतो. फक्त आरीने कापलेली टोकं आधी कानशीने 15 अंशांच्या उतारात घासून घ्या, नाहीतर ती धार नवी लिपही फाडेल. आणि जमलं तर टेस्टिंगबद्दलचं ते एक वाक्य काढा. ते वाचून दोन जुन्या दुकानदारांनी ऑर्डर थांबवली आहे.