काळा पट्टा, सामुराईचा घोडा आणि सात जीवघेणे फटके

आमच्या कराटे क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षातून दोन-तीनदा हटकून येतो. दरवेळी पाठवणारा वेगळा, मजकूर तोच. कराटे ही मूळ भारताची विद्या, कांचीच्या बोधिधर्म या बौद्ध भिक्षूने ती चीनला नेली. तिथून ती जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावरच्या गरीब शेतकऱ्यांकडे गेली आणि त्यांनी उघड्या हातांनी सामुराईंना घोड्यावरून खाली ओढलं. आता मात्र क्लासवाले काता, म्हणजे ठरावीक हालचालींची मालिका, हा नाच शिकवून फी उकळतात. काळा पट्टा मळून मळून होतो आणि त्याची पोलिसांत नोंद करावी लागते. खरे योद्धे हात दगडासारखे करतात आणि सात फटके शिकतात. ते सात फटके सात दिवसांत शिकून तुमची मुलगी सुरक्षित होऊ शकते, आणि जीव घेतला तरी कायदा माफ करतो. शेवटी, अर्थातच, ‘दहा जणांना पाठवा’.

मी कराटेच्या गोजू-र्यू शैलीचा विद्यार्थी आहे आणि संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये शिकवतो, म्हणजे फी उकळणाऱ्यांपैकीच एक. तेव्हा माझं म्हणणं त्या हिशेबाने वाचा. पण मेसेजमधल्या एकेका वाक्याला उत्तर देणं मला भाग आहे, कारण ते वाचून आलेली मुलं पहिल्याच दिवशी भिंतीवर बुक्क्या मारून दाखवतात.

‘बोधिधर्माने कराटे शोधलं.’

ऐकायला छान वाटतं, मलाही वाटायचं. पण बोधिधर्माने चीनमधल्या शाओलिन मठाच्या भिक्षूंना व्यायाम शिकवला, ही गोष्ट ज्या ‘यीजिन जिंग’ ग्रंथावर उभी आहे तो सतराव्या शतकातला, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेला. त्याची प्राचीन म्हणून जोडलेली प्रस्तावना बनावट असल्याचं चिनी अभ्यासकांनीच दाखवून दिलं आहे. ओकिनावाचे लोक स्वतः काय म्हणत होते, हे तर आणखी सरळ आहे. अंको इतोसु हे शुरीचे, म्हणजे ओकिनावाच्या जुन्या राजधानीतले बुजुर्ग, राजाच्या पदरी लेखनिक होते. 1901 साली त्यांनी कराटे शाळेत आणलं. 1908 च्या ऑक्टोबरात त्यांनी शिक्षणखात्यासाठी दहा कलमांचं एक पत्र लिहिलं. त्याची सुरुवातच अशी की, कराटे बौद्ध किंवा कन्फ्यूशियसच्या मतातून आलेलं नाही. त्याचे दोन प्रवाह चीनमधून आले. कराटेच्या घरातल्या म्हाताऱ्याने शंभरेक वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आपण वाचायचं नाही आणि फॉरवर्ड मात्र वाचायचा, हे काही बरं नाही.

चीनमधून म्हणजे मुख्यतः फुजियान प्रांतातून. तिथलं फूजोउ बंदर आणि ओकिनावाचं नाहा बंदर यांच्यात व्यापाराची जहाजं सतत ये-जा करत होती, आणि चिनी कुटुंबांची वस्ती नाहाजवळच्या कुमे भागात चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून होती. कराटे हा शब्दही आधी ‘तांग हात’ म्हणजे चिनी हात अशा अर्थाच्या चिन्हांत लिहीत. ‘रिकामा हात’ हा अर्थ 25 ऑक्टोबर 1936 रोजी नाहामध्ये जमलेल्या उस्तादांच्या बैठकीत पक्का झाला. म्हणून ओकिनावात 25 ऑक्टोबरला कराटे दिन पाळतात.

‘शेतकऱ्यांनी सामुराईंना घोड्यावरून पाडलं.’

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त सतावतो, कारण माझ्या पहिल्या सरांनीही मला हेच सांगितलं होतं आणि मी दहा वर्षं ते छाती फुगवून पुढे सांगत होतो. उडी मारून किक म्हणे घोडेस्वारासाठी!

1609 साली जपानमधल्या सात्सुमा प्रांताच्या सैन्याने र्यूक्यू राज्य, म्हणजे तेव्हाचं ओकिनावा, जिंकलं, हे खरं. शस्त्रांच्या व्यापारावर आणि बंदुकांवर निर्बंध आले, हेही खरं. पण त्यानंतर सात्सुमाची नाहामध्ये होती ती एक छोटी कचेरी. मूठभर अधिकारी. चीनचे राजदूत आले की हे लोक गुपचूप दडून बसत, कारण र्यूक्यू आपल्या ताब्यात आहे हे चीनला कळू द्यायचं नव्हतं. असल्या लपून बसणाऱ्या सामुराईंशी घोड्यावर लढायला शेतकरी जाणार तरी कुठे? त्याच्याही आधीची, राजा शो शिनच्या काळातली 1509 ची एक कोरीव नोंद आहे. तिच्यात तलवारी आणि धनुष्यं राज्यरक्षणासाठी साठवल्याचं लिहिलं आहे. ‘लोकांकडून शस्त्रं काढून घेतली’ हा अर्थ नंतरच्यांनी तिच्यातून काढला.

मग कराटे कोण करत होतं? सोकोन मात्सुमुरा हे राजाचे अंगरक्षक. इतोसु लेखनिक. गिचिन फुनाकोशी, ज्यांनी 1922 मध्ये तोक्योला प्रात्यक्षिक दाखवून कराटे जपानभर नेलं, ते शाळामास्तर, खालच्या दर्जाच्या का होईना पण दरबारी घराण्यातले. आमच्या गोजू-र्यूचे मूळपुरुष कानरिओ हिगाओना यांच्या घरी लाकूडफाट्याचा धंदा होता, पैसा बेताचा, पण कुळ दरबारीच. त्यांचे शिष्य चोजुन मियागी श्रीमंत घरचे. म्हणजे पेशवाईतल्या फडावरचा कारकून, पागेवरचा शिलेदार आणि एखादा उतरत्या कळेचा इनामदार, अशी ही माणसं. नांगर टाकून मुठी वळणारा शेतकरी त्यांच्यात शोधून सापडत नाही. शस्त्रांच्या बाबतीत तर गंमतच आहे. ‘साई’ ही त्रिशूळासारखी दिसणारी लोखंडी सळई शेतीचं अवजार म्हणून दाखवतात. ती र्यूक्यूच्या पोलिसांच्या हातात असायची.

आणि उंच लाथा? जुन्या ओकिनावी कातांत लाथ बहुतेक कमरेच्या खाली जाते. गुडघा, जांघ, नडगी. डोक्याएवढ्या लाथा नंतर, जपानच्या विद्यापीठांत तरुण पोरांच्या हातात कराटे गेल्यावर वाढल्या.

‘काता म्हणजे नाच.’

इथे मी अर्धं मान्य करतो. स्पर्धेतली काता बघण्यासाठी केली जाते. ताठ मान, लांब स्टान्स, गणवेशाचा ‘फट्’ आवाज. 2021 च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये ओकिनावाच्याच र्यो कियुनाने कातात सुवर्ण मिळवलं, आणि ते बघताना माझ्या अंगावर काटा आला होता. पण ती काता रस्त्यावर करायला कुणी सांगत नाही.

घरची काता वेगळी. नाइहांची नावाची काता घ्या. तीत माणूस सरळ रेषेत, फक्त डावी-उजवीकडे सरकतो. पाय अर्धवट वाकलेले. पहिल्याच काही हालचालींत एक उघडा तळहात बाजूला जातो आणि दुसऱ्या हाताचं कोपर येऊन त्या तळहातावर आदळतं. नवीन मुलं विचारतात, सर, स्वतःच्याच हातावर का मारायचं? मग मी त्यांच्यातल्या एकाला जवळ बोलावतो, माझा उघडा तळहात त्याच्या मानेमागे ठेवतो आणि कोपर हळूच त्याच्या गालापाशी आणून थांबवतो. मुलं गप्प होतात. तो तळहात रिकामा नव्हता, तिथे एक डोकं होतं. एवढंच. चोकी मोतोबु हा शुरीचा दांडगा, खऱ्या मारामाऱ्यांसाठी नावाजलेला माणूस. त्याने आयुष्यभर याच एका कातावर सर्वांत जास्त भर दिला.

दुसरं, कमरेशी खेचलेली मूठ. तिला हिकिते म्हणतात. मुलं ती नुसती ‘पोज’ म्हणून ओढतात, आणि स्पर्धेत ती तशीच राहते. पण समोरच्याने मनगट धरलंय, तुम्ही ते त्याच्या अंगठ्याच्या बाजूने पिळून आपल्याकडे ओढलंत आणि त्याच वेळी दुसरा हात पुढे गेला, असं करून बघा. त्याचा तोल पुढे येतो आणि तुमचा फटका त्याच्या वजनाच्या जोरावर लागतो. ‘वरचा ब्लॉक’ म्हणून शिकवलेली हालचाल अशी जवळून केली की हनुवटीखाली जाणारा कोपरापुढच्या हाताचा फटका होते. इतोसुंच्या पत्रातच लिहिलं आहे की प्रत्येक हालचालीचा अर्थ समजून घ्या, ती कधी वापरायची ते ठरवा, आणि आत शिरणं, झेलणं, सुटणं याचे नियम आहेत. ते तोंडी शिकवले जात. म्हणजे ज्याला तोंडी मिळालं नाही त्याला नाच दिसणारच. दोष कातेचा नाही, मधल्या मास्तरांच्या साखळीचा आहे, आणि तिच्यात मीही एक कडी आहे.

यासाठी गोजू-र्यूत काकिए नावाचा सराव असतो. दोघांनी मनगट मनगटाला लावायचं आणि पुढे-मागे ढकलत राहायचं, डोळे मिटले तरी चालेल. आमच्याकडच्या आखाड्यातले वस्ताद हे पाहून लगेच ओळखतील. पंजा धरून कुस्तीची नाडी तपासायची सवय त्यांनाही असते.

‘खरे योद्धे हात दगडासारखे करतात.’

एकोणिसाव्या वर्षी मी गच्चीच्या पाण्याच्या टाकीवर रोज शंभर बुक्क्या मारल्या. कुणी थांबवलं नाही, उलट कौतुक झालं. दोन महिन्यांनी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नव्हतं.

ओकिनावात यासाठी माकिवारा आहे, आणि तो भिंतीच्या उलट असतो. जमिनीत रोवलेली फळी, खाली जाड, वर पातळ, छातीइतक्या उंचीला भाताच्या काड्यांची दोरी गुंडाळलेली. मारलं की ती वाकते आणि परत ढकलते. मनगट जरा वाकडं असलं, खांदा उचलला गेला, टाच सुटली, तर ती धक्क्याने लगेच सांगते. भिंत काहीच सांगत नाही, फक्त मोडते. मी सागाच्या फळीला सुंभ गुंडाळून घराच्या मागे उभी केली आहे. इतोसुंनी एका हाताने शंभर-दोनशे वेळा मारायला सांगितलं, पण त्याआधी खांदे सोडा, छाती मोकळी ठेवा, पाय जमिनीत रोवा, हे सांगितलं. कातडी जाड होणं हा उपपरिणाम आहे.

बाकीची साधनंही अशीच घरगुती. चिइशी म्हणजे दांड्याला बसवलेला दगड. आम्ही तेलाच्या जुन्या डब्यात सिमेंट ओतून त्यात लाकडी दांडा रोवला. तालमीतल्या करेलाचा धाकटा भाऊ. निगिरीगामे, म्हणजे बोटांच्या चिमटीने तोंडाकडून उचलायची वाळूभरली मडकी, तिच्यासाठी चिनी मातीच्या बरण्या चालतात. बायकोला विचारून घ्या.

‘काळा पट्टा मळून मळून होतो, आणि काळ्या पट्ट्याला पोलिसांत नोंद करावी लागते.’

पट्टे ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांच्याकडून आले. ओकिनावात पूर्वी पट्टेच नव्हते, आणि फुनाकोशींनी पहिले काळे पट्टे दिले ते 1924 मध्ये. पोलिसांच्या नोंदीचं म्हणाल तर भारतात असा कायदा नाही. गंमत म्हणजे पॅसिफिकमधल्या गुआम बेटाच्या कायद्याच्या पुस्तकात खरोखर तसं कलम आहे. कुणाला पट्टा घेऊन तिथे जायचं असेल तर बघावं.

‘सात दिवसांत सात जीवघेणे फटके.’

पहिला फटका म्हणे तळहाताने नाकावर, हाड मेंदूत घुसतं. नाही घुसत. नाकाचं वरचं हाड लहान आणि पातळ असतं, खालचा भाग कूर्चेचा; ते मोडतं, रक्त येतं, डोळ्यांत पाणी येतं, आणि तेवढं निसटायला पुरतं. तळहाताचा वापर मात्र चांगला आहे. चेहऱ्यावर मूठ मारणाऱ्यांची करंगळीकडची हाडं सर्रास मोडतात, तळहाताची सहसा मोडत नाहीत. दुसरं, बोटांच्या फटीत किल्ल्या धरून मारा. त्या पहिल्याच धडकेत फिरतात आणि स्वतःचीच बोटं कापतात. किल्ली मुठीत धरून मुठीच्या खालच्या बाजूने हातोड्यासारखं मारलेलं बरं. तेत्सुई, हा फटका दहा वर्षांच्या मुलीलाही लगेच जमतो.

आणि ‘जीव घेतला तरी कायदा माफ करतो’ हे सरसकट खोटं आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे, पण बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. जीव जाईपर्यंत जाण्याची मुभा ठरावीक प्रसंगांतच आहे: जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला वगैरे.

सात दिवसांबद्दल इतोसुंचं पत्र पुन्हा आठवतं. कराटे लवकर येत नाही, म्हणतात. बैलाच्या चालीने हजार मैल जायचं. रोज एक-दोन तास असं तीन-चार वर्षं केलं की फरक दिसेल. त्याच पत्रात असंही आहे की ही विद्या एखाद्याशी झुंजण्यासाठी नाही. गुंड अंगावर आला तर हातापायांनी इजा टाळण्यासाठी आहे. हा माणूस तेव्हा सत्तरीपलीकडचा होता आणि त्याने ‘जीवघेणा’ हा शब्द वापरला नाही.

सात दिवसांत काहीच शिकवता येत नाही असं मात्र नाही. सुट्टीत आम्ही मुलींसाठी आठवड्याचं शिबिर घेतो. अंतर ठेवून उभं राहणं, मनगट अंगठ्याच्या बाजूने सोडवणं, तळहात, तेत्सुई, नडगीवर लाथ, आणि पळणं. पण त्याआधी ओरडणं. मुली हसतात, तोंडावर हात ठेवतात, एकमेकींकडे बघतात, आवाज घशातच अडकतो. गेल्या मे महिन्यात तर सातातले तीन दिवस त्यातच गेले.