साय

काका म्हणाली लॅबमधली ती मुलगी मला. तेही सोडून दिलं असतं, पण हातातली काचेची नळी उजेडात धरून, माणसांनी भरलेल्या खोलीत, मोठ्यांदा म्हणाली, "काका, रात्री काय खाल्लंत? सिरम बघा, दूध झालंय नुसतं!"

कोलेस्टेरॉलच्या तपासणीला १२ तास उपाशी यायचं होतं. मी ७ तासांनी आलो होतो. उद्या रिपोर्ट आला की सगळंच बंद होणार, या धास्तीने रात्री एक वाजता फ्रिजमधल्या उरल्यासुरल्या लोण्याचा पावाच्या साक्षीने निरोपसमारंभ उरकला होता. फॉर्मवर मात्र '१२' लिहिलं. खोटं लिहिलं, कबूल. पण रक्त देऊन लगेच घरी गेलो असतो तर ही शोभा फोनवरच निभावली असती. मला अडकवलं ते शेजारच्या गृहस्थांनी.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाला खेटून खोबरेलाची चपटी बाटली होती. रक्त देऊन आल्या आल्या त्यांनी झाकणभर तेल ओतून घेतलं, तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचा मेंदू आहे ना, तो चरबीचाच आहे. ६० टक्के!"

मला आधी वाटलं, अपमान केला. पाणी वगळून वजन केलं तर मेंदूचा आकडा तेवढा भरतो, हे खरं. पण मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो, कोणाच्या झाकणाची वाट बघत बसत नाही. हे मी मनातच ठेवलं. नंतर मात्र राहवेना.

"खोबरेलात संपृक्त चरबी ८० टक्क्यांच्या वर असते. लोण्यातसुद्धा निम्मीच."

"नैसर्गिक संपृक्त," ते म्हणाले.

"एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं त्यानं."

"नैसर्गिक वाढतं."

धोतराही नैसर्गिकच असतो, पण हे सुचलं रिक्षात बसल्यावर.

तसा त्यांना हसायचा मला काय अधिकार? १९८४ साली अमेरिकेतल्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर, कोलेस्टेरॉलची भीती घालायला, दोन अंड्यांचे डोळे आणि बेकनचं रडकं तोंड झळकलं होतं. २०१४ मध्ये त्याच 'टाइम'वर लोण्याची वळी, आणि वर आज्ञा: लोणी खा! या दोन मुखपृष्ठांच्या मधे माझी दगड पचवायची वर्षं निघून गेली. काय खाल्लं मी तेव्हा? फॅट-फ्री बिस्किटं. पुठ्ठ्याच्या चवीची, आणि चरबीच्या जागी साखर ठासलेली. चरबी काढून तिथे साखर-मैदा भरला तर हृदयाला काडीचा फायदा नाही. फायदा आहे तो तिथे अक्रोड, मासे, ऑलिव्ह तेल यांतली असंपृक्त चरबी आली तर. एवढं एक वाक्य तेव्हा कोणी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? जो तो 'हे सोडा' म्हणून मोकळा. सोडल्यावर त्या जागी काय खायचं, हे विचारायची सोय नाही. त्या बिस्किटांचा राग अजून गेलेला नाही माझा.

असो. तर ती नळी. गृहस्थांनी ती मुलीच्या हातून जवळजवळ हिसकावलीच. खाली गोठलेलं लाल रक्त. वर जिथे सिरमचं पिवळसर, नितळ पाणी दिसायला हवं, तिथे दाट पांढरं. त्यांनी नळी तिरकी केली. पांढरं सावकाश सरकलं.

"साय!" ते आदराने म्हणाले. "लोणी?"

"लोणी."

"नैसर्गिक?"

मी मान हलवली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मुलीला कौतुक नव्हतं. तिच्याकडे एलडीएल थेट मोजत नाहीत, बाकीच्या आकड्यांतून वजा करून काढतात. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली ती पांढरी चरबी, ४०० च्या वर गेली की ते गणितच कोसळतं. तिने माझ्या फॉर्मवरच्या '१२' वर काट मारली आणि नवा फॉर्म पुढे सरकवला. "या वेळी खरंच १२ हं, काका."

गृहस्थांनी बाटलीचं बूच उघडलं. "आता उपास मोडलाच आहे तर..."

मी झाकण हातात घेतलं. तोवर मला खरोखरच भूक लागली होती.