जर्नल आहे, मग एफसिंक कशाला?

वीज गेली तरी फाइल अर्धवट राहू नये म्हणून ती कशी बदलावी, यावरच्या माझ्या लेखाला तुमचा आक्षेप थोडक्यात असा: एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमला जर्नल (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) आहे, तेव्हा नवी फाइल लिहून जुनीवर रिनेम केली की काम झालं, एफसिंक (फाइलचा डेटा डिस्कवर पोचेपर्यंत थांबणारा कॉल) म्हणजे वेळ खाणारी नसती खबरदारी. शिवाय लेखातली तात्पुरती फाइल टीएमपी डिरेक्टरीत करणं चूक.

दुसरा मुद्दा बिनशर्त मान्य. टीएमपी बहुतेकदा वेगळी फाइलसिस्टिम असते. तिथून रिनेम कॉल ईएक्सडेव्ह (‘फाइलसिस्टिम वेगळी’) एरर देऊन परततो, आणि फाइल हलवणारी एमव्ही कमांड तर गुपचूप कॉपी करते, म्हणजे अर्धवट फाइलचा धोका परत आलाच. तात्पुरती फाइल मूळ फाइलच्याच डिरेक्टरीत हवी. लेख दुरुस्त केलाय.

पहिल्याबद्दल मात्र भांडेन. नेहमीच्या ऑर्डर्ड मोडमध्ये जर्नलात फक्त मेटाडेटा (फाइलचं नाव, आकार, जागा) जातो, आतला मजकूर नाही. डेटा त्याआधी डिस्कवर पोचतो खरा, पण ज्याला ब्लॉक (डिस्कवरची जागा) मिळालेत तेवढाच, आणि एक्स्ट४ ब्लॉक वाटायला मुद्दाम उशीर करते. जर्नल साधारण दर ५ सेकंदांनी कमिट होतं. डेटा मेमरीत ३० सेकंदही पडून राहतो. मधे वीज गेली की नाव जागेवर, आत शून्य बाइट. २००९ मध्ये यावरून बरीच ओरड झाली आणि लिनक्सच्या २.६.३० कर्नलपासून एक्स्ट४मध्ये रिनेमच्या वेळीच ब्लॉक वाटले जाऊ लागले. म्हणून तुमच्याकडे चालतंय. पण ती एक्स्ट४ची मेहेरबानी आहे. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम रिनेमसाठी ती करत नाही.

शिवाय डिस्कने लिहायला नकार दिला, तर ते तुम्हाला कळणार कुठून? एफसिंकच्या रिटर्न व्हॅल्यूतून. ती तपासा, आणि एरर आली तर नुसता पुन्हा एफसिंक करू नका: लिनक्स मेमरीतली ती न लिहिलेली पानं ‘स्वच्छ’ (लिहून झालेली) ठरवून मोकळा होऊ शकतो आणि दुसरा कॉल खुशाल शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’, देतो. पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांची २०१८ मध्ये झोप उडाली ती यानेच. सगळा डेटा नव्या फाइलीत पुन्हा लिहायचा.

रिनेमनंतर डिरेक्टरीचाही एफसिंक लागतो. तो गाळला तर वीज गेल्यावर जुनी फाइल दिसू शकते, पण धड. चालत असेल तर गाळा. एमकेएसटेम्प या फंक्शनने केलेली तात्पुरती फाइल ०६०० परवानगीची (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणारी) असते, तेव्हा रिनेमआधी एफसीएचमॉडने परवानगी बदला, नाहीतर वेबसर्व्हरला कॉन्फिग वाचता येणार नाही.

वेळेचं म्हणाल, तर पाचशे फायलींना पाचशे एफसिंक नकोत. सगळ्या लिहा, एकदाच सिंकएफएस (अख्खी फाइलसिस्टिम डिस्कवर उतरवणारा कॉल), मग सगळे रिनेम. फक्त कर्नल ५.८ किंवा पुढचा हवा. त्याआधी सिंकएफएस लिहिण्यातल्या चुका कळवत नसे.