ओके म्हणणारा डबा

मोडेमला, म्हणजे फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटर इंटरनेटला जोडणाऱ्या डब्याला, कुठलीही आज्ञा द्यायची तर आधी 'एटी' लिहावं लागे. ते 'अटेन्शन'चं लघुरूप, म्हणजे आपलं 'सावधान'. मोडेम सावधान उभा राही, 'ओके' म्हणे आणि मग मनाला येईल तेच करी. घरात माझ्या सांगण्याचं साधारण हेच होतं. फक्त 'ओके'सुद्धा कुणी म्हणत नाही.

डब्यावर '५६ के' छापलेलं होतं, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट. पहिल्याच दिवशी स्क्रीनवर वेग उमटला: १,१५,२००! दोन दिवस मी छाती काढून फिरलो. मग एका जाणकाराने सांगितलं, हा वेग कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधल्या केबलचा. म्हणजे टेबलावरच्या दीड फुटापुरताच मी वेगवान होतो. फोनच्या लाइनवरचा खरा आकडा निघाला २६,४००.

तेव्हापासून मी लाइनचा वैद्य झालो. बिचारी टेलिफोनची यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी, ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या बेताने बांधलेली. त्यात पावसाचं पाणी कुठल्याशा जोडात मुरलं की रिसीव्हरमधून भजी तळल्यासारखा आवाज. निदान मी कानाने करायचो. डायल टोन, नंबर, पलीकडून २,१०० हर्ट्झची लांब शिट्टी, आणि मग दोन मोडेमचं कडाक्याचं भांडण. भांडण एका दमात मिटलं तर लाइन कोरडी. मध्येच गप्प होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं तर लाइन ओली. रात्री घरचे ओरडत, 'एटीएम०' टाकून स्पीकर बंद कर म्हणत. पण वैद्याने नाडी न बघता औषध द्यायचं? मी मोडेमवर उशी ठेवायचो आणि उशीवर कान.

औषधांची एक वही होती. 'कोरडा दिवस', 'रिमझिम', 'मुसळधार' अशी पानं आणि प्रत्येकाखाली वेगळी स्ट्रिंग, म्हणजे मोडेमला द्यायच्या आज्ञांची ओळ. रिमझिमला व्ही.९० ही '५६ के'वाली पद्धत बंद, व्ही.३४ ही जुनी, सावकाश पद्धत चालू, म्हणजे कमाल ३३,६००. मुसळधारला सरळ २१,६०० वर बांधून टाकायचा. खरं सांगायचं तर त्या वेगाला तो संध्याकाळभर हूं की चूं करत नसे. पण स्क्रीनवर २१,६०० वाचून माझ्याच पोटात दुखे. जरा ऊन पडलं की मी दोर सोडायचो. तो ४९,३३३ वर उड्या मारत जोडला जाई आणि सातव्या मिनिटाला 'नो कॅरिअर', म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सूर गेला, जोडणी तुटली.

ऑफिसची लाइन त्या मानाने सोपी. तिथला डायल टोन वेगळा, म्हणून टोनची वाट न बघता डायल करायला 'एक्स ३', आणि बाहेरच्या लाइनच्या आकड्यापुढे एक स्वल्पविराम, म्हणजे दोन सेकंदांची विश्रांती. व्याकरणाचा एवढा उपयोग मला शाळेत कुणी सांगितला नव्हता.

खरं दुखणं कॉल वेटिंगचं. आत्याचा फोन आला की लाइनवर 'टुं' वाजे आणि मोडेम दचकून सगळं सोडून देई. यावर एस १० नावाचं रजिस्टर, म्हणजे मोडेममधली आकडा ठेवायची जागा, आहे: कॅरिअर गेल्यावर किती वेळ धीर धरायचा ते, सेकंदाच्या दहाव्या भागात. माझ्या मोडेममध्ये ते मुळात १४, म्हणजे १.४ सेकंद. मी ५० केलं. आत्या त्याहून चिकट. मग एके रात्री वैतागून २५५ केलं. त्याचा अर्थ, पलीकडे कुणी असो-नसो, आहे असंच समजायचं. मोठं डाउनलोड लावून शांतपणे झोपलो.

सकाळी दारात आत्या उभी. "रात्रीपासून फोन एंगेज! मला वाटलं, कुणाला काही झालं की काय!" मी धावत आत गेलो. पलीकडचा मोडेम कधीच निघून गेला होता. आमचा रात्रभर एकटाच लाइन धरून बसला होता. तीन अधिक चिन्हं टाकून सेकंदभर थांबलं की मोडेम पुन्हा आपलं ऐकू लागतो. मी टाकली. आत्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"काय म्हणतोय?"

"ओके म्हणतोय."