मनगटाचे माप

बांगडीच्या मापाशी मनगटाचा काडीचाही संबंध नसतो. बांगडी मनगटावर मिरवत असली तरी तिची खरी परीक्षा अंगठ्याच्या बुडाशी होते; तेथून ती सुटली की पुढे मनगट काय आणि कोपर काय, तिला सारखेच. त्यामुळे कासाराने माझे मनगट कधी मोजलेच नाही. तो पंजा हातात घेतो, अंगठा आत मुडपतो, बोटांची हाडे एकवार दाबून पाहतो आणि ‘दोन सहा’ असा निकाल देऊन मोकळा होतो. या निकालावर माझी निम्मी हयात सुखाने गेली. मग पुण्याहून मुलाचा फोन आला, “आई, तुझ्यासाठी सोन्याचं ब्रेसलेट करायचंय, मनगटाचं माप पाठव.”

मी अर्थातच ‘२.६ इंच’ असे कळवले. त्यावर “आई, हे मनगट आहे की लाटण्याची मूठ?” अशी पृच्छा आली. बांगडीच्या मापातले टिंब हे दशांशचिन्ह नव्हे, हे त्या इंजिनिअरला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दोन सहा म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे सहा सोळांश, अर्थात बांगडीच्या आतला व्यास सुमारे ६० मिलिमीटर. याच हिशेबाने २.१० ची बांगडी २.८ च्या बांगडीपेक्षा मोठी असते, पण गणिताच्या पेपरात असे लिहून कोणी गुण मिळवून दाखवावेत. ब्रेसलेटला व्यास चालत नाही, पंजाही चालत नाही. त्याला नुसता मनगटाचा घेर हवा असतो.

स्वतःचे मनगट स्वतः मोजणे हे दोन हातांचे काम असून त्यातला एक हात मापातच अडकलेला असतो. दोऱ्याचे एक टोक दातांत धरावे तर फूटपट्टीवरचे आकडे दिसत नाहीत, आणि सोडावे तर दोरा निसटतो. आमच्या ह्यांनी मदत म्हणून सुताराचा पोलादी टेप आणला, जो मनगटाभोवती वळायला तयार नव्हता आणि सुटला की सर्रकन आपल्या डबीत शिरत होता. अखेर दोऱ्याचे टोक मी कपाळावरच्या टिकलीने मनगटावर चिकटवले. सकाळी माप १५ सेंटिमीटर भरले. ऐन वैशाखात दुपारभर कुरडयांचा चीक हाटून झाल्यावर तेच मनगट साडेपंधरा झाले. उकाड्याने हात सुजतात हे मला माहीत होते, पण मुलाला कोणत्या वेळेचे मनगट कळवायचे, हे कोणीच सांगेना.

त्यावर पुन्हा सैलपणाचा वाद. नुसत्या घेराचे ब्रेसलेट काचते, म्हणून वर एक ते दोन सेंटिमीटर सोडावे लागतात. शेजारच्या काकूंच्या मते आत एक बोट गेले म्हणजे पुरे. नाशिकच्या सराफ बाजारातल्या ज्या दुकानात खात्री करायला गेले, तेथील गृहस्थ म्हणाले, “वहिनी, दोन बोटं सहज गेली पाहिजेत.” कोणाची बोटे, हे मात्र त्यांनी सांगितले नाही, त्यांची स्वतःची, त्यांतल्या अंगठ्यांसकट, माझ्या तीन बोटांएवढी होती, आणि सोने वजनावर विकले जात असल्याने प्रत्येक जादा कडीबरोबर त्यांचा चेहरा अधिक प्रेमळ होत होता. अर्थात गोदावरीच्या पुराचे पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, एवढे ऐकून माल हलवायचा की नाही हे ठरवणाऱ्या बाजारात बोटांचे माप शास्त्रीयच मानायला हवे. वन्सं फोनवरून म्हणाल्या, “सैलच घे गं, पुढे अंग भरतं.” माझे वय बासष्ट आहे.

शेवटी मी साडेसोळा कळवले, आणि मुलाने सावधगिरी म्हणून टोकाला तीन कड्या जास्तीच्या ठेवून घेतल्या. ब्रेसलेट बसले अगदी नेमके. वरणात बुडत नाही की वळ उठवत नाही. फक्त ते इतके नेमके आहे की एका हाताने फासा कडीत अडकवायला जागाच उरत नाही. ते काम ह्यांच्याकडे सोपवले असून, फासा तांदळाएवढा असल्यामुळे, ज्या दिवशी ह्यांचा जवळचा चष्मा सापडतो त्याच दिवशी मी सोन्याने नटलेली दिसते.